उपासाचे दाणे

बाबांचा रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला की मी तो लगेच उघडत नसे. सदर भागातल्या माझ्या ऑफिसात मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचा, दोन कागद उगाच इकडचे तिकडे करायचे, आणि मग एकच ओळ बघायची, पोटॅशियमची. बाबांच्या किडन्या थकल्या होत्या. हे पोटॅशियम असंच चढत राहिलं तर हृदय कधीही दगा देईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. औषधं होतीच, पण खरी मदार जेवणाच्या पथ्यावर होती.

पथ्याच्या यादीत फल्लीदाण्यांवर, म्हणजे शेंगदाण्यांवर, आहारतज्ज्ञ बाईंनी लाल पेनाने फुली मारली. ती बघून बाबांपेक्षा आईच जास्त हादरली. आमच्याकडे भाजीत दाण्याचा कूट घातला, असं कोणी वेगळं सांगत नाही. वांग्यात, दोडक्यात, काकडीच्या कोशिंबिरीत तो असतोच. बाबांनी तर जन्मभर मूठभर भाजलेले दाणे गुळाच्या खड्यासोबत खाल्ले. "गरिबाचे बदाम आहेत, यानं कोणाचं वाईट झालं का?" असं ते विचारायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. प्रथिनं भरपूर, तेल चांगलं, हृदयालाही बरं, हे बाईंनीही मान्य केलं. मला म्हणाल्या, "तुम्ही खुशाल खा. पण यांच्या किडन्यांना त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकणं जमत नाही."

मी मुळातच तापट, त्यात घाबरलेली. घाबरलेल्या माणसाला शहाणपणा फार सुचतो. कुटाचा डबा उचलला आणि ऑफिसात वाटून टाकला. भाज्या चिरून पाण्यात ठेवायच्या, ते पाणी फेकायचं, टोमॅटो बंद, असे हुकूम सोडले. संध्याकाळी मनीषनगरला घरी पोचले की चप्पल काढायच्या आधी कढईचं झाकण उघडून बघायची. आई एकदा म्हणाली, "तुले माह्यावर भरोसा नाही का वं?" मी सरळ नाही म्हणून सांगितलं. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

इतकं करूनही आकडा चढतच होता. मी लॅब बदलली, पाण्यावर संशय घेतला, औषधाच्या दुकानदाराशी भांडले. सकाळी जाग आली की आधी बाबांच्या खोलीच्या दारात जायची आणि त्यांची छाती वर-खाली होताना दिसली की मगच चहा ठेवायची.

आईने आपल्या परीने देवाला साकडं घातलं होतं. बाबांसाठी तिने सोमवार धरले. "तू एकटीच काहून उपाशी राहशीन?" म्हणून बाबाही तिच्यासोबत करू लागले. रिपोर्ट बिघडत गेला तसा तिने गुरुवारही धरला. मला ते बरंच वाटलं. पोटाला तेवढाच आराम. त्या दोन दिवशी घरात स्वयंपाकच नाही, तर तपासायचं तरी काय, असा माझा हिशेब.

तिसरा रिपोर्ट वाईट आला तेव्हा आम्ही तिघं पुन्हा बाईंसमोर बसलो. आठवडाभराचं खाणं त्यांनी वारानुसार विचारलं. आईने सगळं न अडखळता सांगितलं.

"आणि सोमवार, गुरुवार?"

"त्या दिवशी काहीच खात नाही जी. उपास असते."

"उपासाला काय खातात?"

"फराळाचंच. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, आलूचा कीस. दोन केळं."

बाईंनी पेन खाली ठेवला. "दाणे घरात आहेत अजून?"

"उपासाचे येगळे असतात नं," आई म्हणाली. "देवाजवळच्या डब्यात ठेवते मी. त्याले रोजचा हात लागत नाही."

तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. रोजच्या डब्यांवर पहारा देणारी मी, देवाजवळचा डबा मला ठाऊक होता, तरी तो उघडून बघावा असं कधी मनातही आलं नव्हतं.

बाई हलक्या आवाजात समजावू लागल्या. बटाटा, केळी, दाणे, नेमकं जे टाळायचं तेच आठवड्यातून दोनदा पोटभर जात होतं. ऐकता ऐकता आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मी यायच्यासाठीच..." ती बाबांकडे बघत म्हणाली. मला तिची दया यायला हवी होती. आला तो राग, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा खाकरले.

"हिच्या खिचडीनं काय होते जी. दोन घास तं खातो मी," ते बाईंना म्हणाले. "मीच लबाडी करून राहिलो होतो. ह्या दोघी नसल्या का कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून दाणे आणून खात होतो."

आई गर्रकन वळली. "या वयात चोरून खाता? पोरगी जीव तोडून राहिली तुमच्यापायी, अन् तुमाले लाज नाही वाटत?" दवाखान्याच्या पायऱ्यांवर तेच, ऑटोत बसल्यावरही तेच. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी बाबांच्या पायांकडे बघत होते. महिनाभरापासून बाबांच्या पायांवर इतकी सूज होती, की त्यांना एकट्याने फाटकापर्यंतही जाता येत नव्हतं. न्हाणीपर्यंत आईच त्यांना दोन्ही हातांनी धरून न्यायची.