वामकुक्षी मोडायची नाही

मुलांनो, आजोबा बरे आहेत हे तुम्हाला फोनवर कळलं. माझा राग मात्र फोनवर सांगायला जमला नाही, म्हणून लिहिते.

आपल्या दारावर आजोबांनी स्वतः लावलेली पाटी आठवते ना? ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.’ डोंबिवलीत यात कुणाला काही गैर वाटत नाही. त्या दिवशीही जेवण झालं, गप्पा झाल्या आणि आजोबा डाव्या कुशीवर आडवे झाले. मोहने गावाहून आलेले त्यांचे धाकटे भाऊ आरामखुर्चीत घोरत होते. चहाच्या वेळी मी हाक मारायला गेले, तर आजोबांचं तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात गादीवर निर्जीव पडलेला. ते बोलायला गेले तर नुसता घोगरा आवाज.

मी म्हटलं, "भावोजी, ॲम्ब्युलन्स बोलवा."

"वहिनी, घाई नको. पित्त आहे. भरीत दोनदा घेतलंन् त्याने. कोकम पाजा आणि निजू दे."

"कोकमाने वाकडं तोंड सरळ होतं का?"

"तुमचं आपलं वाचन फार!"

त्यांनी पेला आणलाच. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात सरबत! मी तो हातातून काढून घेतला आणि फोन केला.

कल्याणच्या एका इस्पितळात स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता; शिरेत गुठळी होती. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "नक्की कधी सुरू झालं?"

"झोपेत. जेवताना चांगले बोलत होते."

"म्हणजे साडेचार तासांची मुदत उलटून गेली. आता गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही. ॲडमिट करू, बघू."

बघू म्हणे! मी विचारलं, "झोपेतून असे उठलेल्यांवरही आता संशोधन झालंय ना? मेंदूचा किती भाग अजून जिवंत आहे ते बघून, उशिरासुद्धा गुठळी ओढून काढतात म्हणे?"

"हो, काही पेशंटमध्ये. पण ते ठाण्याला, मोठ्या सेंटरमध्ये. आणि आजी, त्यांचं वय..."

"वय आधार कार्डावर बघा. इथे शिरा बघा!"

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी विचारलं नसतं, तर सांगणारच नव्हते. जिला एवढं वाचता येत नाही, तिच्या नवऱ्याचं काय होत असेल?

ठाण्यात पुन्हा स्कॅन झाला. मेलेला भाग लहान होता. भोवतालचा बराच भाग रक्तावाचून तडफडत होता, पण जिवंत होता. डॉक्टरांनी धोके स्पष्ट सांगितले, मी सही केली. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन त्यांनी गुठळी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी पाणी मागितलं, अडखळत, पण शब्दांत.

काल भावोजी आले. म्हणाले, "बघा वहिनी, पित्त उतरलं आणि माणूस उभा राहिला." मी त्यांना चहा दिला नाही.

आता रोज दुपारी मी आजोबांना मध्येच उठवते, बोलायला लावते, हसायला लावते. "झोपू दे की गं बाई!" म्हणून ओरडतात. ओरडू देत.

आज दारावरची पाटी काढायला घेतली. "मीच लावली, मीच काढतो," म्हणत त्यांनी उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर घेतला. तो दोनदा खाली पडला. मग मी तो उचलला आणि पाटी काढली. स्क्रू त्यांनी डाव्या तळहातावर धरले होते.