टेस्टरनं पुढं काय करावं?

लोहाऱ्यात तहसील कचेरीसमोरच्या बोळात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र आहे. एक टेबल, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. दहा वर्षं झाली. ज्याचा फॉर्म दुसरीकडं अडतो तो माझ्याकडं येतो, आणि माझ्याकडं आलेला फॉर्म अडत नाही, असा माझा लौकिक आहे. हे मी स्वतःच सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही.

त्या लौकिकात गुपित काही नाही. पोर्टलं चुका करतात आणि मी त्या भागवून नेते. फोटो घेत नसेल तर बारीक करते. वाडीचं नाव यादीत नसेल तर शेजारच्या गावाचं घालते. म्हाताऱ्या माणसाकडं मोबाइल नसेल तर माझा नंबर टाकते; निम्म्या तालुक्याचे ओटीपी माझ्या फोनवर येतात. कुठलं पोर्टल कुठं लंगडतं, हे मला ते बनवणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून धाराशिवच्या कॉलेजातली माझी मैत्रीण पुण्याहून फोनवर म्हणाली की सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायला माणसं ठेवतात आणि त्याचा पगार देतात, तेव्हा मला हसूच आलं. मी हे काम फुकटात करत होते की! तिच्या कंपनीत घरी बसून करायची एक जागा निघणार होती. अट एकच: महिनाअखेरच्या मुलाखतीआधी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट हातात हवं. म्हणजे परीक्षा एकदाच देता येणार होती. नापास झाले असते तर दुसऱ्यांदा बसेपर्यंत जागा गेली असती. मला ती जागा हवी होती, फार हवी होती. दहा वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरले, एखादा स्वतःचाही भरावासा वाटतोच.

चाळीस प्रश्न, एक तास, पास व्हायला सव्वीस. मी सगळ्यांना छत्तीस पडतील म्हणून सांगून ठेवलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना पंधरा मिनिटं जास्त मिळत होती, तीही मी घेतली नाहीत. सवलतीच्या रकान्यात दुसऱ्यांच्या खुणा करून करून मला त्या रकान्याचाच राग आला होता. माज होता, दुसरं काही नाही.

अभ्यासाला दुपारची वेळ ठेवली, कारण दुपारी दोन ते चार सर्व्हर बंद असल्यासारखाच असतो. संध्याकाळी घरी गेले की आबा, म्हणजे माझे वडील, शेतावरून येऊन ओसरीवर बसलेले असायचे. आज काय शिकलीस, असं रोज विचारायचे. एकदा मी सांगितलं, "आबा, सगळंच्या सगळं तपासणं शक्य नसतं, असं पुस्तकात पहिल्या प्रकरणातच लिहिलंय."

"हे कळायला परीक्षा लागती व्हय?" आबा म्हणाले. "ढिगातली मूठभर ज्वारी बघून आमी पोतं घेतोच की."

सराव परीक्षा द्यायला लागले आणि माझं नाक खाली आलं. पहिल्या वेळी बावीस. दुसऱ्यांदा तेवीस. तिसऱ्यांदा, सगळं पाठ करून, चोवीस. चुकलेले प्रश्न काढून बघितले तर बहुतेक एकाच जातीचे होते. टेस्टरला अमुक चूक सापडली, आता त्यानं पुढं काय करावं? चार पर्याय. मी दर वेळी तोच निवडायची ज्यात काम पुढं सरकतं. दुसऱ्या वाटेनं जावं, माहिती जरा बदलून बघावी, जमलं तर स्वतःच दुरुस्त करावं. आणि उत्तर दर वेळी एकच: चूक नीट लिहून कळवावी. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं.

मला पुस्तकाचाच राग आला. कळवून काय होतं? आमच्याकडं कळवत बसलं तर माणूस उन्हात उभा राहतो. पुस्तक लिहिणाऱ्याला एक दिवस माझ्या खुर्चीत बसवावं, असं मी मैत्रिणीला फोनवर ऐकवलंही. ती म्हणाली, "तू बस ना त्याच्या खुर्चीत, तासभरच तर बसायचंय." मी फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात एक आजी आल्या. मेंढपाळ घरातल्या, वाडीवरून जीपनं आलेल्या. हातात घडी करून करून मऊ पडलेला कागद. त्यांच्या मेंढ्यांच्या विम्याचा अर्ज मागच्या वर्षी मीच भरला होता. आता कसल्याशा रोगानं सात मेंढ्या मेल्या होत्या आणि दावा फेटाळला होता. कारण लिहिलं होतं: नाव जुळत नाही.

मी अर्ज उघडला. आजींच्या आधार कार्डावर फक्त त्यांचं नाव होतं, आडनाव नव्हतंच. पोर्टलवर आडनावाशिवाय पुढं जाता येत नव्हतं. आणि आडनावाच्या रकान्यात एक टिंब होतं. ते मीच दिलेलं. असली टिंबं मी शेकड्यानं दिली असतील आणि दर वेळी स्वतःवर खूश झाले असेन.

"आजी, ही चूक माझी आहे," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून सहसा निघत नाही, तेव्हा ते जड गेलं.

"तुझी कशाची गं बाई?" आजी म्हणाल्या. "त्येच्यात बसत नव्हतं, तू बसवून दिलंस. तू लई केलंस माझ्यासाठी."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. आडनाव नसलेली माणसं असतात हे त्या पोर्टलला आजवर कळलंच नव्हतं, कारण मी ते कळू दिलं नव्हतं. दर वेळी टिंब देऊन मीच ती चूक झाकली होती. मी त्या दुपारी पुस्तकातल्या पद्धतीनं विमा कंपनीला पत्र लिहिलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. कार्डाचा फोटो जोडला. आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "असं सरळ सांगितलं तर राग न्हाय ना येणार त्येंला?" मी म्हटलं, येऊ दे.

परीक्षेच्या दिवसापर्यंत त्या पत्राला उत्तर आलं नव्हतं.

परीक्षा घरूनच द्यायची होती. समोर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या पलीकडं कुठल्यातरी गावात बसलेला पर्यवेक्षक, जो फक्त टाइप करून बोलायचा. खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. लॅपटॉप उचलून मी त्याला चारी भिंती दाखवल्या, सोयाबीनची पोती दाखवली, पोत्यांच्या मागचं दाखव म्हणाला तर तेही दाखवलं. आबा दाराबाहेर उंबऱ्याशी काठी घेऊन बसले. शेजारीण ताक द्यायला आली तर तिला त्यांनी नुसत्या काठीच्या खुणेनं परत पाठवली.

पहिले वीस प्रश्न झरझर गेले. नंतरचे लांबलचक इंग्रजी उतारे आले आणि न घेतलेली पंधरा मिनिटं मला आठवायला लागली. एकतिसाव्या प्रश्नाला आले तेव्हा अकरा मिनिटं राहिली होती. प्रश्न वाचला, पर्याय बघितले. तीनच होते. चौथ्या पर्यायाचा गोल होता, त्याच्यापुढं काहीच नव्हतं. नुसता पांढरा पडदा.

पहिले दोन पर्याय उघड चुकीचे होते. तिसरा बराचसा बरोबर होता. माझा हात सवयीनं तिसऱ्याकडं गेला. टाक, भागव, पुढं चल. अजून नऊ प्रश्न बाकी होते, आणि कळवून काय होतं ते विमा कंपनीनं उत्तर न देऊन मला नुकतंच दाखवलं होतं. खुणेवर बोट टेकवून मी किती वेळ थांबले असेन कोण जाणे. मला आजींचं ते "तू बसवून दिलंस" ऐकू आलं. मी हात काढला आणि पर्यवेक्षकाला लिहिलं: एकतिसाव्या प्रश्नावर आहे. चार पर्याय दिसायला हवेत. तीनच दिसतात, चौथा कोरा आहे.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. थांबा, पान परत उघडतोय. पडदा पांढरा झाला, घड्याळ मात्र चालूच. तीन मिनिटं गेली. मी त्या न दिसणाऱ्या माणसाला मनातल्या मनात मराठवाड्यातल्या सगळ्या शिव्या दिल्या. मग पान उघडलं आणि चौथा पर्याय आला. तोच बरोबर होता. पुस्तकातलं ते पान मला तोंडपाठ होतं. खाली पर्यवेक्षकानं लिहिलं होतं: त्रासाबद्दल क्षमस्व, कळवल्याबद्दल धन्यवाद. मला रडू आलं. दहा वर्षांत माझ्याशी कुठलंही पोर्टल असं बोललं नव्हतं. पण रडायला वेळ नव्हता. शेवटचे दोन प्रश्न न वाचताच खुणा केल्या.

निकाल लगेच दिसला. सव्वीस. पास.

दार उघडलं. आबा उठून उभे राहिले. "छत्तीस?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस. एक कमी पडला असता तर नापास."

मग उंबऱ्यातच उभं राहून मी त्यांना त्या कोऱ्या पर्यायाची सगळी हकीकत सांगितली. शेवटी आबा म्हणाले, "म्हंजे हितं चुकलंय, असं तू नुसतं लिहिलंस, आन् त्येनं दुरुस्त केलं?"

"व्हय. सगळीकडं करत नाहीत, आबा. आजींच्या पत्राला अजून उत्तर नाही. पण न सांगता तर कुठंच करत नाहीत."

आबांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आपलं आधार कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्या कार्डावरून मी त्यांचे कितीतरी फॉर्म भरलेत. कार्डाप्रमाणं ते माझ्या थोरल्या भावाहून फक्त नऊ वर्षांनी मोठे आहेत. मला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं, आणि दर वेळी मी तेच वर्ष मुकाट्यानं टाइप केलं होतं. एस्टीत म्हाताऱ्यांचं तिकीट मागितलं की कंडक्टर कार्ड बघून हसतो, म्हणून आबांनी मागणंच सोडून दिलं होतं, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

"मग हे बी कळव," आबा म्हणाले. "लिही, म्या एक्काहत्तर वर्षांचा हाय."