छत्रीच्या पानावर दोन रकाने

१९८६, जुलैमधला तिसरा रविवार. जमण्याची जागा: मुलुंड पश्चिम, बहिणीच्या इमारतीचं फाटक. वेळ: सकाळी साडेसहा. हजर: मी, माझी धाकटी बहीण, तिचा नवरा, एक निवृत्त ड्रिल मास्तर, माझ्या ऑफिसातल्या दोघी. एकूण सहा. छत्री एक.

वहीत त्या दिवसाची नोंद अशी सुरू होते. महिन्यातून एका रविवारी आम्ही टेकड्या चढायला जात असू. कोण येणार, कोण काय आणणार हे लिहून ठेवण्याचं काम माझं. नियम मास्तरांचे, आणि त्यातला पहिला असा की चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. त्यामुळे छत्री कुणीच आणत नसे. पावसात भिजायचं, उन्हात टोपी घालायची.

बहिणीला मात्र छत्री लागू लागली. दोन वर्षांपूर्वी तिला एक आजार निघाला होता. उन्हात गेली की गालांवर लाल चट्टे उठायचे, बोटांचे सांधे धरायचे, ताप यायचा. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ऊन टाळा. बहीण म्हणाली, "म्हणजे डोंगर बंद." एवढंच बोलून ती भाजी निवडत बसली. ती एकोणतीस वर्षांची होती. चाळीच्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो, आणि मोकळ्यावर गेली की तिचा चेहराच बदलायचा. ते बंद होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं.

आमच्या वडिलांची लांब दांड्याची छत्री एका हातात धरून तासभर चढणं तिला शक्य नव्हतं; मनगट दुखायचं. माझ्या शेजारणीचा भाऊ आखातातून सुट्टीवर आला, त्याच्याकडून मी तीन घड्यांची छत्री मिळवली. भाजीवाल्याच्या तराजूत घालून पाहिली. पाव किलोच्या जेमतेम वर. ती दंडाएवढ्या उंचीवर पिशवीच्या खांद्याच्या पट्ट्याला दोन ठिकाणी बांधायची: खाली नाडी, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी. हात मोकळे. कापड काळं, उन्हात तापायचं, म्हणून वडिलांच्या जुन्या धोतराचा पांढरा अभ्रा शिवला आणि काठाला प्रेसबटणं लावली. पावसात अभ्रा भिजून जड होतो, तेव्हा तो काढायचा. वहीत छत्रीला एक पान दिलं आणि दोन रकाने आखले. ऊन: उघडी, अभ्रा घालून. पाऊस: उघडी, अभ्रा काढून.

पहिल्यांदा ती अशी निघाली तेव्हा मास्तर कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"अब्दागिरी आली. वरात कुठे निघालीय?"

"आम्ही संस्थानिक, मास्तर," बहीण म्हणाली. "तुम्ही मागून चवरी ढाळत या."

"दोन्ही हात मोकळे आहेत का ते दाखव."

तिने दोन्ही हात वर केले, आणि वर फुलपाखरू धरल्यासारखी बोटं हलवली. मास्तर हसले. नियमात बसलं. त्या उन्हाळ्यात ती चार वेळा चढली, चारही वेळा चट्ट्यांशिवाय घरी आली. वहीत चार खुणा आहेत.

जुलैच्या त्या रविवारी सव्वानऊपर्यंत पाऊस होता. छत्री उघडी, अभ्रा माझ्या पिशवीत. वाट निसरडी होती, कारवी खांद्याला लागत होती. वरच्या पठारावर पोचलो आणि पाऊस थांबला. आभाळ पांढरं, एकसारखं, सूर्य कुठे आहे तेही कळू नये असं. खाली विहार तलाव राखाडी दिसत होता. वारा मात्र जोरात. एक झोत आला, छत्री उलटी झाली आणि एक काडी वाकली. मी ती हाताने जमेल तेवढी सरळ केली.

"बंद कर ती," मी म्हटलं.

"राहू दे ना ताई. डोकं झाकलेलं बरं वाटतं."

"ऊन कुठे आहे? पाऊसही नाही. इथे मोडली तर एप्रिल-मेमध्ये काय करशील? आखातातून दुसरी कोण आणणार?"

"बरं बाई. तू म्हणशील तसं."

तिने छत्री मिटली, घड्या नीट केल्या, पिशवीत टाकली. मग आम्ही तिथेच बसलो. थालीपीठं होती, लसणीची चटणी होती, मास्तर बटाटे उकडून आणायचे ते होते. रानहळद फुलली होती. बहीण खडकावर पाठ टेकून, तोंड आभाळाकडे करून पडली. "गार वाटतं गं," ती म्हणाली. साडेबारा वाजता आम्ही उठलो. वहीत पोचण्याची आणि निघण्याची वेळ मी लिहिली आहे, म्हणून मला माहीत आहे की ती तशी सव्वातीन तास उघड्यावर होती.

मंगळवारी तिच्या नवऱ्याचा ऑफिसात फोन आला. ताप, चट्टे, पाय सुजलेले. आठवड्याभरात कळलं की मूत्रपिंडांवर आलं आहे. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं, मीही वही काढून वेळा सांगितल्या. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ढगातूनही ऊन येतंच हो. आपल्याला लागत नाही, तिला लागतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आत आधीच सुरू झालं असेल, सांगता येत नाही." हे त्या माझ्यासाठी म्हणाल्या. मला ते तेव्हाच कळलं.

त्यानंतर ती घरातच राहिली. खिडक्यांना जाड पडदे लावले. आठवड्यातून दोनदा मी ऑफिस सुटल्यावर जाई. ती उशीला टेकून बसलेली असे, गोळ्यांनी चेहरा गोल झालेला. एकदा म्हणाली, "वही आणलीयस का? छत्रीचं पान काढ." मी काढलं. "दोनच रकाने. तिसरा आख ना ताई. ढग."

मी आखला. ढग: उघडी. ती ते वाचून हसली.

"आणि ती काडी बसवून घे," ती म्हणाली. "पुढच्या पावसाळ्यात लागेल."

पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही. चैत्रात गेली. दहाव्याला तिचा नवरा माझ्याजवळ येऊन बसला. त्याने कधी दोष दिला नव्हता, तेव्हाही आवाज चढवला नाही. म्हणाला, "तुम्ही बंद कर म्हणालात म्हणून तिने केली. माझं ती कधी ऐकायची नाही." मी मान हलवली.

ते मी खूपदा मनात फिरवून पाहिलं आहे. मी छत्री वाचवली, हे खरं आहे. काडी हाताने सरळ केली तेवढीच. कापडाला भोकही नाही. टेकडीवर आम्ही पुन्हा गेलो नाही. मास्तर एकदा फाटकापर्यंत आले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले, असं तिथल्या वॉचमनने सांगितलं.

जूनमध्ये घाटकोपर स्टेशनबाहेर छत्र्या दुरुस्त करणारे बसतात. त्यांच्यातल्या एकाकडे मी ती नेली. त्याने उघडली, वाकलेल्या काडीवरून बोट फिरवलं. "ही बारीक काडी आपल्याकडे नाही मिळत, ताई. अशीच दुसरी मोडकी छत्री आणा, तिची काढून बसवतो." जोगेश्वरीला, मानखुर्दला, ऑफिसातल्या सगळ्यांकडे विचारलं. मिळाली नाही. आता तीन पावसाळे झाले.

दर सोमवारी मागच्या पानावर राहिलेली कामं मी नव्या पानावर उतरवून घेते. वाण्याचं सामान, विजेचं बिल, आईचा चष्मा. ती होतात आणि त्यांवर रेघ येते. काल सोमवार होता. पानाच्या तळाशी पुन्हा लिहिलं: छत्रीची काडी बसवणे.