संक्रांतीआधीचा माघ

माघ वद्य पंचमीला सुमन, माझी बायको, गेली. त्यानंतर दहा महिन्यांनी माझा फोन गुरांच्या हौदात पडला.

या दोन गोष्टी लागोपाठ लिहू नयेत, हे मला कळतं. (मी एकतीस वर्षं ओतूरला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. कशाशेजारी काय ठेवायचं, एवढी एकच विद्या मला येते.) पण पुढे जो घोळ झाला त्याला दोन्ही कारणं होती, म्हणून लिहितो.

हौदातून काढलेला फोन मी दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. त्या तांदळाचा भात चांगला झाला. फोनचं काही झालं नाही. मग पुण्याहून अश्विनी, आमची मुलगी, तिचा जुना आयफोन घेऊन आली.

"बाबा, हा वेगळा आहे. तुमचा अँड्रॉइड होता, त्यातलं सगळंच यात येईल असं नाही."

"आणि जे येणार नाही ते?"

"त्याच्याऐवजी दुसरं शोधायचं."

मी वही घेतली. मधोमध रेघ मारली. डावीकडे जुन्या फोनमधल्या वस्तू, उजवीकडे त्यांच्या जागी आलेल्या नव्या. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला बऱ्याच दिवसांनी कशाचं तरी कुतूहल वाटलं. फोनला खाली बटण नव्हतं, तरी माझा अंगठा दिवसातून चाळीस वेळा तिथे जाऊन रिकाम्या काचेवर टेकायचा. मराठी अक्षरांची मांडणी बदलली होती. 'ळ' सापडायला मला पाऊण दिवस लागला. सापडला तेव्हा मी अश्विनीला फक्त 'ळ' एवढंच पाठवलं. तिने काळजीने फोन केला.

विहिरीवरच्या मोटरचं ॲप नव्या फोनवर मिळेना. मग कळलं की मोटरच्या पेटीला नुसता फोन लावला तरी चालतं. पेटीतून एक बाई अतिशय आदबीने म्हणते, "मोटर चालू झाली आहे." मी ती मोटर पहिल्या दिवशी सहा वेळा चालू केली. घरात दुसरं कोणी बोलत नव्हतं. सातव्या वेळी शेजारचा बबन बांधावरून म्हणाला, "सर, तुमचं पाणी आमच्या कांद्यात आलंय. आमी कांदा लावलाय, भात न्हाई."

आता वहीतली तिसरी ओळ. तिथी.

आमच्या घरातल्या सगळ्या तिथ्या सुमन सांभाळायची. माझ्या वडिलांची, आईची, तिच्या माहेरची माणसं, सगळी. मी आयुष्यात एकही लक्षात ठेवली नाही. सकाळी चहा देताना ती म्हणायची, "आज आण्णांची तिथ. अंघोळ उरका." मी उरकायचो. ती गेल्यावर तिचीच तिथी कोणी सांगायची, हा प्रश्न होता. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानंही तीच उलटायची, त्यामुळे ते ती गेली त्या महिन्यावरच थांबलं होतं. नवीन मी आणलं नव्हतं.

वर्षश्राद्ध मात्र मला धड करायचं होतं. सुमनचं माहेर निरगुडसरचं. तिचा धाकटा भाऊ भागाजी अजून मेंढरं राखतो. त्या लोकांचं माझ्याबद्दलचं मत लग्नापासून एकच आहे: दाजी सज्जन आहेत, पण त्यांच्या हातात काही देऊ नका. ही एक गोष्ट तरी कोणाच्या मदतीशिवाय बरोबर करून दाखवायची, असं मी ठरवलं होतं.

जुन्या फोनवर सुमनने स्वतः टाकलेलं पंचांगाचं एक ॲप होतं. ते नव्यावर मिळालं नाही. देवनागरीतली पाच-सहा पंचांगं दिसली, त्यातलं एक मी निवडलं. ते हिंदीत होतं. 'वद्य' ऐवजी 'कृष्ण पक्ष' असं लिहिलेलं पाहून मला ते जास्त अभ्यासू वाटलं. (पुस्तकंही मी अशीच निवडायचो.) माघ, कृष्ण पक्ष, पंचमी. तारीख आली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली. मी ती अश्विनीला कळवली. निमंत्रण तीच तयार करणार होती, सुमनच्या फोटोसकट.

"बाबा, आई फेब्रुवारीत गेली ना?"

"तिथी दर वर्षी मागे येते. चांद्रवर्ष लहान असतं."

"किती मागे येते?"

"अकरा दिवस."

"पण हे तर सव्वा महिना आहे."

यावर मी तिला वीस मिनिटं चांद्रमास, सौरमास, अधिकमास आणि क्षयमास समजावून सांगितले. शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, तुम्ही म्हणता तर." नोकरीत एकतीस वर्षं विद्यार्थी मला हेच म्हणत. मला ते पटल्याचं लक्षण वाटायचं.

भागाजीला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, एवढ्या लवकर वरीस झालं? पर तुमी शिकल्यालं. अधिक महिना आला आसंल." अधिक महिन्याने तिथी पुढे जाते, मागे येत नाही, हे मी त्याला सांगितलं. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी चूक दुरुस्त करण्याच्या आनंदात होतो. त्याची.

तो दिवस उजाडला. अंगणात मांडव, खुर्चीवर सुमनचा फोटो, मागे चुलवणावर लापशी आणि आमटी. दहाला प्रवचन, बाराला फुलं, मग जेवणं. साडेनऊलाच दोनशे माणूस जमलं. काहींनी आपापसात शंका काढली, पण ती टिकली नाही. बबनची बायको म्हणाली, "कालच संकष्टी सोडली की मी. आज पंचमीच हाये." भागाजीने मेंढरांमागे राहून शिकलेलं ज्ञान जोडलं, "चंद्र बी पंचमीचाच हाय. मी रोज बघतोय." आकाश, संकष्टी आणि फोन, तिघांचं एकमत झालं.

तेवढ्यात बेल्ह्याहून आक्का आली. माझी थोरली बहीण. ती फोन पाहत नाही. तिच्या मुलाने तिला आदल्या संध्याकाळी फक्त 'उद्या मामाकडं जायचंय' एवढंच सांगितलं होतं. तिने मांडव बघितला, फोटो बघितला, आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"वसंता, काय काढलंय हे?"

"सुमनचं वर्षश्राद्ध."

"आज?"

"आज पंचमी आहे, आक्का."

"पंचमी हाये रे. कोणत्या म्हयन्याची?"

"माघातली."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी बंबात पाणी न घालता तो पेटवला होता, तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं.

"भोगी झाली?"

"नाही."

"संक्रांत झाली? तिळगूळ खाल्ला कुणाचा?"

"नाही."

"मग संक्रांतीच्या आदी माघ कुठून आला, बाबा?"

मी तिला फोन दाखवला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, माघ. आक्का म्हणाली, "त्याला विचार, त्याची संक्रांत झाली का."

आणि मग मला आठवलं. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात त्यांचं आणि आपलं महिन्याचं नाव एकच असतं, पण वद्य पक्षात ते एक महिना पुढे असतात. त्यांचा माघ वद्य म्हणजे आपला पौष वद्य. हे मला माहीत होतं. मी ते वाचलं होतं. ज्या पुस्तकात वाचलं त्याच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी मीच चिकटवली होती. ॲपमध्ये महाराष्ट्राची पद्धत निवडायची सोय होती. मी फक्त अक्षरांचा आकार मोठा करून घेतला होता.

बाहेर दोनशे माणूस. चुलवणावर लापशी. मी तांदळाच्या डब्यावर बसलो. सुमनची एक तिथी मला सांभाळायची होती, आणि ती मी तिच्या सगळ्या माहेरासमोर चुकवली होती.

आक्काने प्रवचनाला आलेल्या महाराजांना आत बोलावलं. ते तरुण आहेत, शांत आहेत. त्यांनी सगळं ऐकलं.

"महाराज, तुम्हाला कळलं नाही?" मी विचारलं.

"सर, तुमी तारीख दिली. तुमच्यासारख्या माणसाला मी तिथी विचारायची?" मग म्हणाले, "महिन्याची श्राद्धं घातली का वहिनींची?"

"नाही."

"एक पण न्हाई?"

"लक्षात राहिलं नाही."

"मग आज पौष वद्य पंचमी. अकरावा महिना आजच भरतोय. आज मासिक करू. वरीस पुढच्या म्हयन्यात, माघात. पर मांडवात तुमी सांगायचं, मी न्हाई."

मी माईक धरला. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी मला आदल्या दिवसापासून तयारी लागते. मी सुरुवात केली, "नर्मदेच्या उत्तरेला कालगणनेची जी पद्धत रूढ आहे..."

पाचेक मिनिटांनी भागाजी उभा राहिला. "दाजी, थोडक्यात सांगा. भात निवतोय."

"थोडक्यात म्हणजे, मी तुम्हाला एक महिना आधी बोलावलंय."

मग पुढच्या रांगेत बसलेली सुमनची चुलती, ऐंशीच्या पुढची, तोंडाला पदर लावून हसायला लागली. "सुमी म्हणायची, मालकांना बाजारला लावलं तर पिशवी आणत्यात, भाजी इसरत्यात." मग भागाजी हसला, मग बायका, मग सगळेच. मीही हसलो असणार, कारण अश्विनी माझ्याकडे बघत होती आणि तिने डोळे पुसले.

प्रवचन झालं, फुलं झाली, दोनशे पानं उठली. निघताना भागाजी म्हणाला, "दाजी, लापशी झ्याक झाली. पुढच्या म्हयन्यात गूळ थोडा वाढवा."

पुढच्या महिन्यात मात्र मी कोणालाही निमंत्रण दिलं नाही. त्याच माणसांना त्याच कामासाठी महिन्यात दुसऱ्यांदा बोलवायचं तोंड माझ्याकडे नव्हतं. आक्का, अश्विनी, भागाजी, महाराज आणि शेजारचे दोघं-तिघं, एवढ्यांचाच स्वयंपाक सांगितला.

साडेनऊला अंगणात निरगुडसरचा टेम्पो थांबला. त्यातून माणसं उतरू लागली ती उतरतच राहिली. चुलतीला खुर्चीसकट उतरवलं. मी भागाजीला बाजूला घेतलं.

"अरे, मी कुणालाच कळवलं नव्हतं."

"कळवायचं काय त्यात? तिथ समद्यांना ठावं हाय. मागच्या टायमाला तुमी बोलावलं म्हणून आलतो. आज तिच्यासाठी आलोय."

आमटी दुपारच्या आत संपली. बायकांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, पिठाचा डबा शोधला आणि पिठलं-भाकरी केली. वर्षश्राद्धाला पिठलं चालतं का, हे मी महाराजांना विचारलं. ते म्हणाले, "सर, तुमी आता शास्त्रात नका पडू."

ॲपमध्ये मी महाराष्ट्राची पद्धत निवडली आहे. ते आता बरोबर तिथी दाखवतं. मला कोणी विचारत नाही. ज्या दिवशी तिथी असते त्या दिवशी सकाळी सहाला आक्का तिच्या मुलाच्या फोनवरून फोन लावते आणि म्हणते, "वसंता, उठ. अंघोळ उरक." आयफोनचा मला तेवढाच उपयोग आहे. मी तो उचलतो.