बालकाचं जावळ

"पहिले बालक दाखवा," तांड्याचे नाईक म्हणाले. "मंग बाकीचं बोलू."

मॅडम खड्ड्यात उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली. "दाखवायचं काय त्यात? तुमच्या समोरच तर आहे. आणि जरा मागे सरका, कड ढासळेल. आज फोटो झाले की लगेच कापायचंय आम्हाला."

नाईकांच्या मागच्या बायांनी तोंडाला पदर लावला. एक जण म्हणाली, "माय वं! फोटो काढून कापते!"

"कापावंच लागेल," मॅडम म्हणाल्या. त्यांचं सगळं लक्ष हातातल्या टेपकडे. "नाहीतर रज्जाकभाई ट्रॅक्टर घालतील त्याच्यावर. मग काय उपयोग?"

आता सगळ्यांनी रज्जाकभाईंकडे पाहिलं. ते वावराचे मालक. बांधावर बसून तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा तळहातावरच थांबला.

नाईकांनी खिशातून फोन काढला. "मी उमरखेडले ठाण्यात लावतो."

हे असं का झालं ते सांगते.

मी उत्खननावर मजुरीला जाते. ढाणकीजवळ रज्जाकभाईंचं हळदीचं वावर आहे. त्याच्या एका कोपऱ्यात पांढर आहे. पांढर म्हणजे जुनं गाव मोडून, त्याच्या मातीच्या भिंती विरघळून झालेलं टेकाड. आमच्याकडे ती माती घर सारवायला आणतात. तिच्यात खापरं निघतात, ती आम्ही इतके दिवस फेकून देत होतो. उत्खनन चालवणाऱ्या मॅडम आल्या आणि तीच खापरं आम्हाला ब्रशने धुवायला लावली. बायका म्हणाल्या, घरची भांडी सुनेवर टाकून आलो अन् इथं दुसऱ्याच्या आजीची घासून राह्यलो.

काम असं असतं. टेकाडावर दोरी लावून चौकोन आखतात आणि एकेक चौकोन खाली खणत जातात. त्याला ट्रेंच म्हणतात. दोन ट्रेंचच्या मध्ये मातीची एक भिंत मुद्दाम न खणता ठेवतात. तिच्या अंगावर थर दिसतात, गोधडीच्या काठाला जुन्या लुगड्यांचे पदर दिसतात तसे. वरचा थर यादवांच्या काळातला. मध्ये राख. त्याखाली सातवाहनांचा, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणती वस्तू कोणत्या काळातली, हे त्या भिंतीकडे पाहून ठरवतात. म्हणून तिला फार जपायचं असतं.

त्या भिंतीला इंग्रजीत बॉल्क म्हणतात. आमच्या तोंडात त्याचं पहिल्याच दिवशी बालक झालं. बालकावर पाय देऊ नका. बालकाला टोपलं लावू नका. मॅडमनी सुधारून पाहिलं, मग दमल्या आणि स्वतःच बालक म्हणायला लागल्या. शेवटी सगळी नोंद झाली की ती भिंतही खणून काढतात. त्याला आम्ही बालक कापणं म्हणतो. रोज बोलताना त्यात काही वावगं वाटत नाही.

आमच्या बालकाच्या पोटात एक सुरई अडकली होती. ती माझ्या ट्रेंचमध्ये निघाली, माझ्याच ब्रशखाली. लांब मान, निमुळतं अंग. अर्धी बाहेर, अर्धी मातीत. एक कान बाहेर दिसत होता. कान म्हणजे भांडं उचलायची मूठ, कढईला असते तशी.

मॅडम खड्ड्यात उकिडव्या बसून पाहतच राहिल्या. त्यांनी सांगितलं की सातवाहनांच्या काळात रोमन लोकांची जहाजं आपल्या किनाऱ्याला यायची. दोन कानांच्या उंच सुरयांतून दारू यायची. त्यांतल्या काही बैलांच्या पाठीवरून आतल्या मुलखात पोचल्या असतील.

"मंजे तवाही दारूबंदी नोती," शेवंता म्हणाली.

शेवंता माझ्या जोडीला काम करते. बोलायचं काम तिचं, ऐकायचं माझं.

"ही रोमनच आहे असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूलाही कान असेल तर विचार करता येईल. एकच असेल तर साधी पाण्याची सुरई."

"मंग सांगून टाका ना दोन हायेत. कोन पाह्यला येते?"

"एका कानावरून काही ठरवता येत नाही, शेवंताबाई."

त्या दुसऱ्या कानाने मला येड लावलं. भाकरी थापताना मनात तोच. मला माझ्या पोरींच्या सोयरिकीची एवढी ओढ लागली नव्हती. पण बालक कापल्याशिवाय तो दिसणार नव्हता. आणि रज्जाकभाईंनी बजावलं होतं, "मॅडम, नांगरटीचा ट्रॅक्टर सांगून ठेवला हाये. त्याच्या आधी काय काढायचं ते काढा. नंतर मी कोनाचं ऐकनार नाई." म्हणजे तेवढ्यात निघाली तर सुरई, नाहीतर खापरं.

बालक कापायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी ढाणकीचा बाजार. शेवंता फोनवर बोलते तेव्हा पलीकडच्या माणसाला फोनची गरज नसते. मेथीच्या ढिगापाशी उभी राहून ती तिच्या बहिणीला सांगत होती:

"उद्या लौकर जायचं हाये वं. बालक कापायचं हाये! व्हय, मॅडमच कापते. त्याच्या पोटात सुरई हाये, दोन हजार वर्षाची. नाई, अजून पुरी दिसली नाई, कापल्यावर दिसन. रज्जाकभाईले मालूम हाये, त्याच्याच वावरात. बरं, तू नारळ घेऊन ये."

नारळ फोटोआधी फोडायला हवा होता. पण शेजारी पलीकडच्या तांड्यातल्या, म्हणजे बंजारा वस्तीतल्या, दोन बाया वांगी घेत होत्या. त्यांनी वांगी तिथेच टाकली.

तांड्यात संध्याकाळी सगळ्यांनी आपापली पोरं मोजून घरात घेतली. सगळी भरली. तेव्हा ठरलं की पोर बाहेरगावचं असणार आणि गुप्तधनासाठी आणलेलं असणार. सकाळी नाईक माणसं घेऊन वावरात हजर.

तर नाईक फोन लावत होते. ठाण्यातून कोणी आलं असतं तर चौकशी होईपर्यंत काम बंद राहिलं असतं. तेवढ्यात ट्रॅक्टर फिरला असता. मॅडमना अजून काही कळलं नव्हतं. शेवंताला सगळं कळलं होतं आणि ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती.

मी चौथी शिकले. शाळेत माझी हजेरीसुद्धा शेजारची पोरगी द्यायची. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण मला तो कान डोळ्यांसमोर दिसत होता. मी उठले, भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर हात ठेवला.

"हे बालक," मी म्हणाले.

"काय?" नाईक म्हणाले.

"हे. मातीचं."

मग मॅडमच्या हातातून टेप पडला. "अहो, तुम्हाला काय वाटलं?" असं विचारता विचारताच त्यांना कळलं आणि त्या खड्ड्यातच खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, वरून दिसेना. रज्जाकभाई तंबाखू थुंकून म्हणाले, "अरे नाईक, चाळीस साल से आपली वळख. मी पोरावर ट्रॅक्टर घालीन का?"

"भाई, मी तुमाले काई म्हनलो का?"

"नजर कोनाची होती मग?"

सगळे हसले. एक सोडून. नाईकांची याडी, म्हणजे त्यांची आई, काठी टेकत पुढे आली. तिने भिंत हाताने चाचपली.

"नाव ठेवलं याचं?"

"ठेवलं," मी म्हणाले.

"रोज याच नावानं बोलता?"

"बोलतो."

"मंग लेकरूच झालं की. लेकराले कापता कायले?"

मॅडम तिला थर समजावत बसल्या. त्या गोंधळात दिवस गेला. फोटोसाठी हवा तो उजेडही गेला.

दुसऱ्या दिवशी आलो तर बालकाला हळदकुंकू लावलेलं. पुढे हिरव्या बांगड्या. कोणीतरी लहान पोराचं टोपडंही ठेवलं होतं. हळद रज्जाकभाईंच्याच वावरातली असावी, कारण दुसरीकडून आणायला कोणी जाणार नाही.

"हे कोणी केलं?" मॅडमनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. शेवंताने जास्त वेळ पाहिलं. तिच्या लेकीच्या लग्नाला बरेच दिवस झाले होते, अजून पाळणा हलला नव्हता, आणि ते टोपडं मी तिच्या घरी पाहिलं होतं.

नाईक आले, चप्पल लांब काढून. "मॅडम, आता माहा इलाज नाई. बाया नवस बोलल्या. देवाले कुदळ कोन लावन?"

खरंच कोणी लावेना. मजूर कुदळी खाली ठेवून बसले. मॅडम स्वतः थापी घेऊन पुढे झाल्या, तर याडीने काठी आडवी धरली. रज्जाकभाई म्हणाले, "ट्रॅक्टर दुपारून येनार हाये. मी सांगून राह्यलो फक्त."

मी भिंतीकडे पाहत बसले होते. खणताना आजूबाजूची माती खाली जाते, पण भिंतीचा माथा पहिल्या दिवशीसारखाच राहतो. आमच्या बालकाच्या माथ्यावर वाळलेलं गवत तसंच होतं. पिवळं, भुरभुरीत, चांगलं वाढलेलं.

मी शेवंताच्या कानाशी लागले. "याचं जावळ नाई काढलं अजून."

मला एवढंच बोलायचं होतं. पुढचं काम शेवंताचं. तिला सांगितलं की दवंडी द्यायची गरज उरत नाही.

"याडी!" ती ओरडली. "लेकरू म्हनता ना? मंग हे जावळ पाहा केवढं वाढलं! असं ठेवता का लेकराले? लोक काय म्हनतीन?"

याडीने माथा पाहिला. काठी खाली आली. जावळ म्हणजे पोराचे जन्माचे केस. ते काढल्याशिवाय पोराचं पुढचं काही होत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"जावळाले मामा लागते," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी रज्जाकभाईंकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाहता?"

"तुमच्या वावरात जन्मलं, मंग मामा तुमीच. मांडीवर घ्यायचं अन् पहिला हात मामानं लावायचा," शेवंता म्हणाली.

"एवढं मोठं मांडीवर घेऊ?" रज्जाकभाईंनी भिंतीची लांबी पाहिली, मग सूर्य पाहिला. "बरं. मामा तर मामा. पूजापाठ तुमी करा, विळा मी धरतो."

"कडेवर बसू नका!" मॅडम ओरडल्या. "मामांनी बाजूने हात लावायचा!"

त्यांनी विळ्याने गवताची पहिली बट कापली. बाकीचं मजुरांनी काढलं. याडीने ते गवत पदरात बांधलं, पैनगंगेत सोडायला. जावळ झालं की पोराला आंघोळ घालतात, म्हणून भिंतीवर पाणी शिंपडलं. मॅडमनी अडवलं नाही. ओल्या मातीचे थर नीट दिसतात आणि ती कापायलाही मऊ जाते. त्यांनी पटापट फोटो काढून घेतले.

"झालं ना आता?" नाईक म्हणाले. "जावळ किती खालपर्यंत असते तुमच्यात?"

मॅडमनी टेप लावला. "दोन मीटर."

नाईकांनी वाकून भिंतीचा तळ पाहिला. मग इतके हसले की त्यांचं पागोटं सुटलं. याडी कानाने जरा कमी आहे. तिने काय ऐकलं माहीत नाही, पण तिने मान डोलावली. टोपडं आणि बांगड्या उचलून बांधावरच्या चाफ्याखाली ठेवल्या. कुदळी उठल्या.

सुरईपाशी आल्यावर कुदळ बंद. मी ब्रश घेतला. मान मोकळी झाली, मग दुसरी बाजू. सगळे वाकून पाहत होते. मामा सगळ्यांत पुढे.

कान नव्हता. कानाच्या जागी नुसता खुंट होता, मोडलेला.

"घ्या!" शेवंता म्हणाली. "मामानं जावळ काढता काढता कान कापला!"

"कसम से, मी गवतच कापलं!"

मॅडमनी तो खुंट सगळ्यांना दाखवला. आज मोडला असता तर आतली माती लाल, स्वच्छ दिसली असती. तो बाहेरच्या अंगासारखाच मळकट होता. म्हणजे कान तेव्हाच कधीतरी मोडलेला. पण होता. दोन कान होते.

मॅडमनी सुरई हातात घेऊन बराच वेळ भिंगातून पाहिली. मग म्हणाल्या, "ही रोमन नाही."

मला वाटलं आता त्या रडतात. त्यांचा चेहरा तर फुलला होता. माती इथलीच होती, आपल्या नदीकाठची. इथल्या कुंभाराने कुठेतरी रोमन सुरई पाहिली आणि तशीच करून पाहिली. म्हणजे अस्सल सुरई या भागात कोणीतरी पाहिली होती, आणि तिची हौसही कोणाला तरी वाटली होती.

"डुप्लिकेट!" शेवंता म्हणाली. "ढाणकीच्या बाजारात मिळते तसा माल."

"तसाच," मॅडम म्हणाल्या.

दुपारी ट्रॅक्टर आला आणि कोपऱ्यावरून फिरला. रज्जाकभाईंनी चाफ्याखालचं टोपडं मात्र हलू दिलं नाही. विचारलं तर म्हणाले, भाच्याचं आहे.

एका कानावरून काही ठरवू नये, हे मॅडम सुरईबद्दल बोलल्या होत्या. बाजारात शेजारी वांगी घेणाऱ्यांनीही ते लक्षात ठेवावं. मॅडमनी आता नवा नियम केला आहे: बॉल्क म्हणायचं नाही, बालक तर मुळीच नाही. भिंत म्हणायचं. आणि शेवंताने भिंतीजवळ फोन करायचा नाही.

"काहून?" शेवंताने विचारलं. "भिंतीले कान असतेत म्हनून?"

"आमच्या भिंतीत एकच होता," मी म्हणाले. "तोही मोडका."