सरोजचं वमन

आमच्या सासूबाईंना, मंदाकिनीबाईंना, लेकीचं कौतुक फार. ब्याण्णव साली वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत योगवर्गाचं खूळ आलं. तिथे सकाळी उपाशीपोटी कोमट मिठाचं पाणी पिऊन उलटी काढायची क्रिया शिकवली, वमन. बाकीच्या बायकांनी दोन-चारदा करून सोडून दिलं. माझी धाकटी नणंद सरोज मात्र करतच राहिली. सासूबाई जिन्यात भेटेल तिला सांगायच्या, "आमची सरोज अगदी नेमाने करते हो."

नेमाने कसलं, डोंबल. स्वयंपाकघर माझ्या हाती, मला कळत होतं. संध्याकाळी सरोज बँकेतून आली की रात्रीच्या पोळ्या संपायच्या, शिऱ्याचं पातेलं रिकामं व्हायचं, आणि मग मोरीतला नळ मोठ्याने सुटायचा. भरल्या पोटी कसलं आलंय वमन? पण पोरगी वाळलेली नव्हती, चांगली अंगाने भरलेली, म्हणून कुणाच्या डोक्यात काही येईना.

शेवटी मी तिला गच्चीवर गाठलं. विचारल्याबरोबर रडायलाच लागली. "वहिनी, खायला लागले की हात थांबत नाही. मग भीती वाटते, स्वतःची किळस येते, आणि सगळं बाहेर काढल्याशिवाय राहवत नाही. मला सुटायचंय यातून. पण आई इतकं मिरवते, तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

पुढे तिच्या दातांत कळा यायला लागल्या, म्हणून आम्ही तिघी गोखले रोडवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दात मागून झिजलेले बघून बाईंनी हळूच विचारलं, "जेवल्यावर उलट्या होतात का गं?" मला वाटलं, सुटली बिचारी.

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "अहो, योगातलं वमन करते ती. उपाशीपोटी."

डॉक्टरीणबाई सरोजकडेच बघत होत्या. "हा एक आजार असतो, बुलिमिया म्हणतात. लाजायचं काही नाही त्यात. मानसोपचारांनी बरं होता येतं."

सरोजने आईकडे पाहिलं. "उपाशीपोटीच करते," ती म्हणाली. मी बोलणार, तर सासूबाईंनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. रिक्षात म्हणाल्या, "माझी मुलगी वेडी नाही, शीला. घरातलं घरात राहू दे." नवऱ्याला सांगितलं, तर हे म्हणे, आई बघेल. आग लागो त्या बघण्याला.

त्याच रविवारी वर्गाचं शिबिर होतं. सरोजने सगळ्यांपुढे क्रिया करून दाखवली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग रीतीप्रमाणे तूप घातलेली मऊ खिचडी वाढली. सरोज भराभर खात सुटली. पुन्हा वाढून घेतली, पुन्हा घेतली, आणि एकदम उठली. मी मागोमाग धावले, तोवर बाथरूमची कडी लागली होती.

"सरोज, दार उघड गं," मी हाका मारत राहिले. आतला आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "परत करतेय वाटतं. केवढी मनापासून करते."

सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं, मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं.

मग त्या बायकांकडे वळून हसल्या. "हो ना," म्हणाल्या, "लहानपणापासून तशीच आहे ती."