जवानांच्या गाडीवरची बायजा

बायजा लग्न होऊन पळसदरीच्या पुढल्या वाडीत नांदायला आली, तेव्हा त्या वाडीत घरटी एक गडी फौजेत होता. भाताची खाचरं थोडी आणि भाऊबंद जास्त, म्हणून पोरगं अंगानं भरलं की पलटणीची वाट धरायचं. वाडीतल्या बायकांना त्याची सवय होती. टपालवाला सायकलवर बसून आला तर साधं पत्र. सायकल हातात धरून चालत आला तर तार. तो चालत येताना दिसला की भात कांडणाऱ्या बायांची मुसळं वरच्या वर थांबायची.

पासष्टच्या लढाईत तो असाच चालत बायजाच्या दारात आला. तिचा नवरा, हवालदार धाकलू, जिवंत होता, पण सुरुंगानं त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला होता.

पुण्याच्या लष्करी इस्पितळात बायजा पहिल्यांदा गेली, तेव्हा त्या लांबलचक वॉर्डात तिला रडूसुद्धा फुटेना. दंडाला लाल क्रॉसची पट्टी बांधलेली एक बाई धाकलूला चमच्यानं पेज भरवत होती. तिनं बायजाला जवळ बसवलं, तुटल्या पायावर पट्टी कशी गुंडाळायची ते दाखवलं, तिच्या हातून करून घेतलं.

"तुमचं कोन हाय इथं?" बायजानं विचारलं.

"कुणी नाही," असं म्हणत ती बाई पुढच्या खाटेकडं गेली.

कुणी नसताना ही बाई इथं रोज येते, हे बायजाच्या डोक्यात शिरेना. पण ते डोक्यातून गेलंही नाही.

धाकलू घरी आला आणि ओटीवर बसला, तो बसलाच. सरकारनं दिलेला लाकडी पाय त्यानं एकदा लावून पाहिला, अंगणात सगळ्यांदेखत पडला आणि तो पाय माळ्यावर फेकून दिला. त्यानंतर कुबड्या घेऊन न्हाणीपर्यंत जायचा आणि परत यायचा. शेत बायजा आणि तिचा दीर मोरू करत. धाकलू वाईट नव्हता, बायकोवर हात उगारणाऱ्यातला नव्हता. फक्त बोलायचा थांबला होता.

एकाहत्तरला पुन्हा लढाई जुंपली. कर्जतच्या डॉक्टरांच्या पत्नी इंदूबाई तिथलं रेडक्रॉसचं काम बघत. घाट चढवायला कर्जतला प्रत्येक गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, तेवढा वेळ गाडी थांबते. जखमी जवानांच्या गाड्या पुण्याला याच वाटेनं जाणार होत्या. त्या थांब्यात डब्यांत चढून चहा द्यायचा, पाणी पाजायचं, सैल झालेली पट्टी नीट करायची, यासाठी इंदूबाईंना बायका हव्या होत्या. बाजारात भाजी विकताना बायजाच्या कानावर आलं आणि ती टोपली तशीच डोक्यावर घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"घरी माणूस आहे ना सांभाळायला?" इंदूबाईंनी विचारलं.

"त्यांचं उरकून येईन."

"शिकावं लागेल. चुकलात तर ओरडेन मी."

"वरडा की."

आणि इंदूबाई खरंच ओरडल्या. बायजानं पहिल्यांदा बांधलेली पट्टी इतकी आवळ होती, की ज्या बाईच्या हातावर बांधली तिची बोटं निळी पडली. "माणसाला बांधताय, भाऱ्याला नव्हे!" बायजानं ती सोडली, पुन्हा बांधली. जमेपर्यंत बांधत राहिली.

धाकलूला कळलं तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी बोलला. "घरातला लंगडा टाकून परक्यांची शेवा?"

"घरातला लंगडा माझ्या हातचं काय घेतो का?" बायजा म्हणाली. "भाकरी ठेवली हाय. जेवा."

पहिली गाडी भर दुपारी आली. जर्मन धातूची किटली घेऊन बायजा डब्यात चढली आणि औषधाचा तो जुना वास नाकात शिरला. तिनं दाराचा दांडा धरला, एक श्वास घेतला आणि पहिल्या जवानाच्या ओठाला कप लावला. मग दुसऱ्याच्या.

डब्याच्या टोकाला खिडकीशी एक तरणा पोरगा होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. बाहेर माथेरानचा डोंगर दिसत होता आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं.

"चहा घे रं, बाबा."

"नको."

बोलण्यावरनं बायजानं ओळखलं. "आपल्याकडचाच ना तू? कुठला?"

तो दचकला. "मोहोपाड्याच्या अलीकडचा. गजा नाव हाय. मावशी, माझ्या आईला सांगू नको. शपथ हाय तुला. तिला वाटूं दे मी अजून तिकडंच हाय."

"अरं, पण ती..."

"मी असा घरी जानार नाय!" त्यानं हात झटकला. गरम चहा बायजाच्या मनगटावर सांडला. "तुला काय ठाव गं, पाय गेल्यावर काय होतं ते?"

मागं इंजिन लागल्याचा धक्का बसला, शिट्टी झाली. बायजा फलाटावर उतरली आणि भाजलेलं मनगट पदरात गुंडाळून गाडी बोगद्याच्या दिशेनं जाईपर्यंत उभी राहिली. चटक्यापेक्षा त्याचा प्रश्नच तिला जास्त लागला होता. खरंच, तिला काय ठाऊक होतं? सहा वर्षं घरात तेच दुःख होतं, पण ते तिच्या अंगावर नव्हतं.

गजाच्या आईला, सोनुबाईला, जाऊन सांगावं असं तिला दोनदा वाटलं. तिनं इंदूबाईंना विचारलं. "त्याचा शब्द मोडू नका," त्या म्हणाल्या. "त्याचं मन वळवा." मग बायजा दर आठवड्याला रेडक्रॉसच्या बायकांबरोबर पुण्याच्या इस्पितळात जाऊ लागली. इतरांना भरवी, अंग पुसून देई, आणि शेवटी गजाच्या खाटेशी बसे. तो तोंड फिरवी. ती वालाच्या शेताचं, ऊनपावसाचं काहीबाही बोले आणि उठे.

एका रविवारी निघताना ती धाकलूपुढं उभी राहिली. "त्या पोरानं विचारलं, तुला काय ठाव म्हून. मला ठाव नाय. तुमाला हाय. चला माझ्यासंगं."

"मी? तमाशा करायला?"

"पोरगं जेवत नाय. मरंल ते."

 धाकलूनं कुबड्या ओढून घेतल्या.

वॉर्डात शिरताना त्याच्या कपाळावर घाम होता. पण खाटेसमोर येताच त्याची पाठ आपोआप ताठ झाली. "जवान, नाव?"

गजानं पहिल्यांदा मान वळवली. धाकलूच्या दुमडलेल्या पायजम्याकडं बघितलं. "गजानन, साहेब." तो कोपरावर रेटत उठून बसला. बायजाचा जीव सुपाएवढा झाला. दोघं पलटणीचं बोलले, सुरुंगांचं बोलले. मग गजानं हळूच विचारलं, "साहेब, तुमी आता घरी काय करता?"

धाकलूनं कुबडीवरचा हात बदलला.

"शेत करता?"

"नाय."

"मंग?"

"बसतो," धाकलू म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं.

गजा पुन्हा आडवा झाला आणि त्यानं चादर तोंडावर घेतली.

परतीच्या गाडीत बायजाला स्वतःचीच चीड आली. बरं करायला नेलं आणि होतं तेही घालवलं. धाकलू खिडकीबाहेर बघत होता. घाट उतरून कर्जत आलं, तिथून पळसदरी आलं. घराच्या पायरीवर धाकलू थांबला.

"बायजे, माळ्यावरचा तो पाय काढ."

पायाचे चामड्याचे पट्टे वाळून कडक झाले होते, एक उंदरांनी कुरतडला होता. बायजानं त्यांना करंजाचं तेल चोळलं, मोरूनं बैलाच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा तासून जोडला. दुसऱ्या दिवशी धाकलू अंगणात उभा राहिला आणि पडला. बायजा धावली नाही. दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी राहिली. तो उठला. पुन्हा पडला. शेजारच्या पोरी फिदीफिदी हसल्या, तशी बायजा त्यांच्यावर अशी कडाडली की त्या गल्ली सोडून पळाल्या.

तुटल्या पायाला फोड आले, फुटले. बायजा रोज ते धुवून पट्टी बांधी, आता ना आवळ ना सैल. "दोन दिस राहूं दे," ती म्हणे. "त्या पोराला काय सांगू, राहूं दे म्हून?" तो म्हणे. अंगणातून तो बांधावर गेला. बांध हातभर रुंद, दोन्हीकडं खाचरं. किती वेळा वालाच्या वेलांत कोसळला, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मग पडला की तिथंच बसून शेंगा तोडू लागला. "पडलोच हाय, तर काम तरी करतो." बायजाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. ती वळून घरात गेली, त्याला दिसू नये म्हणून.

वालाच्या शेंगा भरल्या, तेव्हा धाकलू कुबड्यांशिवाय, एक काठी घेऊन इस्पितळात गेला. गजा पार हडकला होता, पण होता. धाकलूनं पिशवी त्याच्या खाटेवर ओतली. हिरव्यागार शेंगा घरंगळल्या.

"मागं विचारलं होतंस, काय करता. हे करतो. अजून पडतो. रोज पडतो. सहा वर्सं बसलो ती फुकट गेली, तुझी जाऊं देऊ नको."

गजानं एक शेंग उचलली, सोलली आणि कच्चे दाणे तोंडात टाकले. चावता चावता त्याचा बांध फुटला. बायजानं त्याला रडू दिलं. मग भात कालवला. त्यानं ताट तिच्या हातून घेतलं आणि स्वतः जेवला.

पुढं त्यालाही पाय मिळाला. शिमग्याच्या आधी तो घरी निघाला, तेव्हा बायजा आणि धाकलू त्याच्याबरोबर होते. यष्टीतून उतरून गावापर्यंत तो चालत गेला, धाकलू त्याच्या बाजूनं. सोनुबाई दारात शेण कालवत होती. तिनं आधी पोराचं तोंड बघितलं, मग त्याची चाल बघितली, आणि भरल्या हातांनीच त्याला कवटाळलं. मग बायजाकडं वळली.

"तुला ठाव होतं?"

"होतं."

"आनि मला सांगितलं नाय?"

"त्यानं शपथ घातली होती."

सोनुबाईनं तिला शिव्या घातल्या, पोटभर घातल्या. बायजानं त्या खाली मान घालून ऐकल्या. सोनुबाईचंही खरं होतं. मग सोनुबाईनंच तिला हाताला धरून आत नेलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

लढाई संपली, बायजाचं काम संपलं नाही. कर्जत-खालापुरात फौजी माणसाच्या घरी आजारपण आलं, बाळंतीण अडली, पुरात कुणाचं घर गेलं, की इंदूबाईंच्या आधी बायजाकडं सांगावा जाई. धाकलू तिच्याबरोबर जाई, कधी तिच्याआधी जाई. जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड झालं, इंदूबाई थकल्या, आणि लाल क्रॉसची पट्टी तरण्या सुनांच्या दंडांना बांधून बायजाच त्यांना शिकवू लागली. चुकल्या की ओरडायची.

मोहोपाड्याच्या कारखान्याच्या कॉलनीत एकदा रेडक्रॉसचं रक्तदानाचं शिबिर होतं. मांडव रिकामा. कामगार लांबून बघत आणि निघून जात. बायजा सरळ जाऊन खाटेवर आडवी झाली.

"आजी, तुमचं वय बसत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं रक्त घेता येणार नाही."

बायजा उठून बसली. पदर खोचला. कारखान्याचा भोंगा नुकताच झाला होता, पाळी सुटत होती.

"मंग ज्यांचं बसतं त्यांना आनते," ती म्हणाली आणि फाटकाच्या दिशेनं चालू लागली.